रोहिणीचे पाणी आणि सीह सेनापतीचा प्रश्न

राष्ट्राने दहशतवादी गटाविरुद्ध लष्करी बळ वापरावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे विचारला जातो तेव्हा त्याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. पांढरपेशा मध्यमवर्गाचे उत्तर एका शब्दाचे असते : ठेचा. कोणाला, कुठे, कोणत्या चौकशीनंतर, हे प्रश्न त्याला भेकडपणाचे वाटतात. दुसऱ्या टोकाला अहिंसेचा व्रतस्थ पुरस्कार करणारे सज्जन आहेत. त्यांना बंदूक दिसली की ती कोणाच्या हातात आहे आणि कोणावर रोखली आहे, हे पाहण्याची गरज वाटत नाही. तिसरा एक छोटा गट आहे. त्याला राज्यसंस्थेची हिंसा तेवढी दिसते, आणि जंगलातून आलेल्या गोळीला तो इतिहासाची अपरिहार्यता म्हणून मोकळा होतो. दलित विचाराने या तिन्हींपैकी कोणाच्याही पंगतीला बसण्याचे कारण नाही. या प्रश्नावर आपल्याजवळ स्वतःची विचारपरंपरा आहे. अडचण एवढीच, की आपण ती वंदनेपुरती वाचतो, समीक्षेसाठी वाचत नाही.

बाबासाहेबांच्या लेखनातील दोन स्थळे येथे समोरासमोर ठेवावयाची आहेत. पहिले 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील रोहिणी नदीच्या तंट्याचे. दुसरे 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधातील सीह सेनापतीच्या संवादाचे. पहिल्यात सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो. दुसऱ्यात बुद्ध न्यायासाठी बळ वापरण्यास मुभा देतो. सवडीप्रमाणे एक उचलून दुसरे झाकून ठेवणारे वाचक दोन्ही बाजूंना आहेत. आपला प्रश्न या दोन स्थळांच्या मधल्या जागेत आहे.

रोहिणीचे प्रकरण पाहू. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसला म्हणून सिद्धार्थाने घर सोडले, ही परंपरागत कथा बाबासाहेबांनी नाकारली. तिच्या जागी त्यांनी एक राजकीय प्रसंग ठेवला. शाक्य आणि कोलिय यांच्यामध्ये रोहिणी वाहते. दोघांचीही शेती तिच्या पाण्यावर. एके वर्षी दोन्हींकडील सेवकांत पाण्यावरून मारामारी होते, माणसे जखमी होतात. शाक्यांचा सेनापती संघाची सभा बोलावतो आणि युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ उभा राहतो. युद्धाने प्रश्न सुटत नाही हे तर तो सांगतोच, पण त्यापुढे तो एक अगदी व्यवहाराची मागणी करतो : आधी चौकशी करा. आपल्याही माणसांनी आगळीक केल्याचे ऐकतो, तसे असेल तर आपणही निर्दोष नाही. सेनापती हे नाकारीत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. आगळीक आपल्या माणसांनी केली हे तो कबूल करतो, आणि लगेच म्हणतो की पाणी आधी घेण्याची पाळी आपली होती. सिद्धार्थ सुचवितो की दोन माणसे आपण निवडू, दोन कोलियांनी निवडावीत, या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा. ठराव मोठ्या बहुमताने फेटाळला जातो. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव येतो. सिद्धार्थ सांगतो, मी सैन्यात येणार नाही. तेव्हा त्याच्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालण्याची आणि जमीन जप्त करण्याची धमकी दिली जाते. तो म्हणतो की शिक्षा मला करा, घरच्यांना नको, आणि परिव्रज्या पत्करतो.

हे वाचताना दलित वाचक बहिष्कार आणि जमीन या दोन शब्दांपाशी थांबल्याशिवाय राहणार नाही. बहुमताशी असहमत असणाऱ्याला गावगाडा जी शिक्षा देतो, नेमकी तीच शिक्षा बाबासाहेबांच्या सिद्धार्थापुढे उभी आहे. म्हणजे प्रसंग केवळ युद्धाचा नाही. युद्धाच्या वेळी वेगळे मत मांडणाऱ्या माणसाचे काय करायचे, याचाही आहे. पुढे शाक्य आणि कोलिय यांचा समेट झाल्याची बातमी सिद्धार्थाला मिळते. घरी परतण्यास आता हरकत नाही, पण तो परतत नाही. त्याच्या मनात विचार येतो की युद्धाचा प्रश्न हा संघर्षाच्या मोठ्या प्रश्नाचा एक भाग आहे. राष्ट्राराष्ट्रांतील युद्ध अधूनमधून होते, पण वर्गावर्गांतील संघर्ष अखंड चालू असतो. ग्रंथाचा पुढचा सारा डोलारा या एका विचारावर उभा आहे.

आता सीह सेनापती. वैशालीचा हा सेनापती बुद्धाला विचारतो की तुमची अहिंसा अपराध्याला शिक्षा करू देत नाही काय, सत्य आणि न्याय यांसाठी होणारे युद्धही तुम्हाला निषिद्ध आहे काय. बुद्धाच्या उत्तराचा आशय असा : शिक्षेस पात्र असलेल्याला शिक्षा झाली पाहिजे, शिक्षा देणाऱ्याच्या मनात मात्र द्वेष नसावा. शांततेचे सारे मार्ग संपल्यावर युद्ध झाले तर हिंसेचा दोष ते सुरू करणाऱ्यावर जातो. दुष्ट शक्तीपुढे शरण जाऊ नये, पण लढाई स्वार्थासाठीही नसावी. यावरून बाबासाहेब निष्कर्ष काढतात की बुद्ध हिंसेच्या विरुद्ध होता, पण तो न्यायाच्या बाजूचा होता, आणि न्यायाला आवश्यक असेल तेथे त्याने बळाला परवानगी दिली.

येथे अभ्यासकाने एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. पाली विनयपिटकाच्या महावग्गात सीहाची कथा आहे. पण तेथे तो बुद्धाला अक्रियावादाविषयी विचारतो, उपासक होतो, भोजन देतो, आणि कथेचा शेवट भिक्षूंनी कोणते मांस खावे या नियमात होतो. युद्धाचा प्रश्न तेथे नाही. तो येतो पॉल कॅरस या लेखकाच्या १८९४ साली निघालेल्या बुद्धचरित्रात. कॅरसने जुन्या कथेत स्वतःची भर घातली, आणि बाबासाहेबांचे निवेदन कॅरसच्या या मजकुराशी जुळते. हे निदर्शनास आणले की आपल्यातील काहींना राग येतो, आणि आपल्या विरोधकांना आनंद होतो. दोन्ही प्रतिक्रिया सारख्याच उथळ आहेत. एखादे वचन पालीत आहे म्हणून ते खरे, ही कसोटी स्वतः बुद्धाने नाकारलेली आहे. बाबासाहेबांनी हा संवाद निवडला, कारण त्यांना एका आधुनिक राज्याला पेलेल असा अहिंसेचा अर्थ हवा होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये तो अर्थ त्यांनी स्वतंत्रपणे मांडला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. ही मांडणी तर्काच्या बळावर उभी राहते, तिला सीहाच्या साक्षीची आवश्यकता नाही.

दोन्ही स्थळे एकत्र वाचली की चार कसोट्या हाती येतात. बळ वापरण्याआधी चौकशी झाली काय, आणि त्या चौकशीत आपला दोषही तपासला काय? ज्याचा अपराध त्यालाच दंड होतो आहे, की त्याच्या जातीला, धर्माला, वस्तीला? जे बळ वापरले ते गरजेपुरते होते, की गरज संपल्यावर इच्छा म्हणून चालू राहिले? आणि 'मी येणार नाही' म्हणणाऱ्या सिद्धार्थाचे आपण काय केले? या कसोट्या आपल्याच भूमीवरील प्रसंगांना लावून पाहू.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत शिरलेल्या दहा जणांनी १६६ माणसे मारली. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर जे मेले ते गाडीची वाट पाहणारे, गाठोडी उशाला घेऊन बसलेले प्रवासी होते. पुढे वाहिन्यांनी आणि स्मरणसोहळ्यांनी ताजमहाल हॉटेलचा घुमट जितका दाखविला तितका तो फलाट दाखविला नाही, हाही आपल्या समाजव्यवस्थेचाच एक पुरावा. तरीही मूळ प्रश्नाचे उत्तर येथे स्पष्ट आहे. फलाटावर गोळ्या झाडणाऱ्या माणसापुढे पंच नेमता येत नाहीत. तेथे मारण्याची गरज होती, आणि राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो उतरले ते योग्यच झाले. त्या वेळी राज्य हात बांधून बसले असते तर त्याला अहिंसा म्हणता आले नसते. अहिंसेच्या व्रतस्थ पुरस्कर्त्यांनी त्या फलाटावरील माणसांना काय सांगितले असते?

पण याच प्रकरणाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे या सहायक फौजदाराने हातात केवळ लाठी असताना अजमल कसाबची बंदूक धरून ठेवली. स्वतः प्राण दिला, आणि मारेकरी जिवंत हाती लागला. तो हाती लागल्याक्षणी मारण्याची गरज संपली होती. राज्याने त्याला न्यायालयापुढे उभे केले, वकील दिला, पुरावा मांडला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेले आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याला येरवड्यात फाशी झाली. फाशीविषयी मतभेद होऊ शकतो. खुद्द बाबासाहेबांनी १९४९ मध्ये घटना समितीत देहान्त शिक्षाच रद्द करण्याच्या बाजूने मत दिले होते. पण दंड अपराध्याला झाला आणि तो द्वेषाने नव्हे तर कायद्याने झाला, हे मान्य करावे लागते. 'कसाबला खटला कशाला' असे म्हणणाऱ्यांना सीहाला मिळालेले उत्तर कळलेच नाही.

सीमेपलीकडे बळ वापरण्याचा प्रश्न अधिक बिकट आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ जणांना ठार करण्यात आले. ७ मे रोजी भारताने पाकिस्तानातील आणि पाकव्याप्त काश्मीरमधील तळांवर हल्ले केले. १० मे रोजी शस्त्रसंधी झाली. तळ आणि लोकवस्ती यांत फरक करण्याची भाषा सरकारने वापरली, आणि ती भाषा योग्य होती. पण तोफगोळ्यांना तो फरक कळत नाही. पूंछमध्ये आपलीच सामान्य माणसे त्या दिवसांत मेली. लढाई दिवाणखान्यात बसून मागणारे वेगळे आणि सीमेवर घर असणारे वेगळे, हे वर्गवास्तव या चर्चेतून नेहमी गळते.

येथे एक गोष्ट आपल्या समाजाविषयी बोलली पाहिजे. लष्कराच्या गणवेशाशी आपले नाते मध्यमवर्गाच्या नात्यासारखे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा गावकीतून बाहेर पडण्याचा एक मोठा दरवाजा बंद झाला. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिले. पहिल्या महायुद्धात उभारलेली महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली. बाबासाहेबांच्या प्रयत्नांनंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. ज्याच्या आजोबाला गावाने चावडीपाशी ताटकळत ठेवले, त्याचा नातू बंदूक खांद्यावर घेऊन सुटीवर त्याच गावात येतो, तेव्हा तो गणवेश म्हणजे माणूसपणाचा दाखला असतो. म्हणून लष्कराची सरसकट हेटाळणी आपल्याला जमणारी नाही. पण याच कारणासाठी, तो गणवेश कोणत्या लढाईत पाठविला जातो हे विचारण्याचा हक्कही आपल्याला इतरांपेक्षा अधिक आहे.

या रेजिमेंटचे परमवीरचक्र श्रीलंकेतील आहे. मुंबईत जन्मलेले, आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी तमिळ वाघांशी लढताना पडले. छातीत गोळी लागली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारले. त्या शौर्याविषयी दुमत नाही. पण ज्या संघटनेविरुद्ध ते लढले तिला काही वर्षांपूर्वी भारतानेच शस्त्रे आणि प्रशिक्षण दिले होते. रोहिणीकाठचा प्रश्न येथे कोणी विचारला नाही : आपल्याही माणसांनी आगळीक केली आहे काय? १९९० च्या मार्चमध्ये शांतिसेना परतली तेव्हा अकराशेहून अधिक भारतीय जवान तेथे पडले होते, आणि तमिळ वाघ शाबूत होते. त्यांचा नाश श्रीलंकेच्या सैन्याने मे २००९ मध्ये केला, तोही हजारो तमिळ नागरिकांच्या प्रेतांसह. जवानाचे शौर्य हे युद्धाच्या योग्यतेचे प्रमाणपत्र म्हणून वापरणे, हा त्या जवानाचाच अपमान होय.

आता आपल्या अधिक जवळचे उदाहरण. गडचिरोलीत १९८० नंतर नक्षलवादी दलमे आली. ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरीला १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याला सुरुंगात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक मेले. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरियात ४० नक्षलवादी मारले गेले. मेलेल्यांची नावे वाचावीत. बंदुकीच्या या बाजूला आदिवासी, त्या बाजूला आदिवासी, आणि 'खबऱ्या' ठरवून गावाबाहेर मारून टाकलेलाही आदिवासीच. ज्यांना ही क्रांती वाटते त्यांनी त्या खबऱ्याच्या बायकोला समजावून सांगावे. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात रक्तरंजित मार्ग सोडण्यास सांगितले, ते प्रस्थापितांच्या सोयीसाठी नव्हे. बंदुकीच्या राज्यात सर्वांत आधी निःशस्त्र माणसाचा आवाज जातो, आणि या देशात सर्वांत निःशस्त्र कोण आहे हे त्यांना ठाऊक होते. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यावरून आपल्याकडे जो वाद पेटला त्याच्या मुळाशीही हाच प्रश्न होता. तो वाद व्यक्तींच्या भांडणात विरला, प्रश्न तसाच राहिला.

म्हणून सशस्त्र दलमांना पोलिसांनी अडविणे न्याय्य आहे. मात्र चौकशीची कसोटी येथेही सुटत नाही. जंगलावरचा हक्क कोणी हिरावला? वनहक्क कायदा २००६ साली आला. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, तो गावाने वर्षानुवर्षे धीराने, कागदोपत्री लढून मिळविला. आमच्या दृष्टीने गडचिरोलीच्या या साऱ्या इतिहासातील तो सर्वांत मोठा विजय आहे, आणि त्यात एकही गोळी झाडली गेली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वरिष्ठ नेत्याने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. आता नदी, जंगल आणि सुरजागडचा डोंगर कोणाचा, या प्रश्नाला राज्य पंच नेमणार आहे की सेनापती?

एका घराचे उदाहरण या साऱ्याची गुंतागुंत सांगते. यवतमाळ जिल्ह्यातील एका दलित मजूर कुटुंबातील दोन भाऊ. मिलिंद तेलतुंबडे यांनी बंदूक घेतली, आणि ते नोव्हेंबर २०२१ मध्ये गडचिरोलीतील चकमकीत मारले गेले. आनंद तेलतुंबडे यांनी लेखणी घेतली. १४ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे नेमक्या भीमजयंतीला, त्यांना दहशतवादविरोधी कायद्याखाली तुरुंगात जावे लागले. २०२२ मध्ये जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाला त्यांच्याविरुद्ध दहशतवादी कृत्याचा प्रथमदर्शनी पुरावा दिसला नाही. पहिल्या भावाचा मार्ग आम्हाला मान्य नाही. पण दोन्ही भावांना एकच शब्द लावणारे राज्य बळ आणि हिंसा यांतील फरक विसरले आहे, असे म्हणणे भाग आहे.

हा शब्द किती ताणता येतो, हे आपण जाणतो. २००६ मध्ये खैरलांजीनंतर लोक रस्त्यावर आले, तेव्हा त्यामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याचे त्या वेळच्या गृहमंत्र्यांनी म्हटले. जणू चार माणसांच्या कत्तलीचा संताप यायला आपल्याला बाहेरून कोणी शिकवावे लागते. त्याआधी ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातल्याचे सकाळी आढळले. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव दलाने गोळ्या झाडल्या. दहा माणसे मेली. महामार्गावरचे टँकर पेटविले जाणार होते, असे कारण सांगण्यात आले. गुंडेवार आयोगाने गोळीबार अनावश्यक ठरविला. आणि पवईत, ६ जून २०२४ रोजी, पावसाळ्याच्या तोंडावर जयभीम नगरच्या झोपड्या पोलीस बंदोबस्तात पाडल्या गेल्या, तेव्हाही तेथे कोणी दहशतवादी नव्हता. उच्च न्यायालयाला नंतर तपासाचे आदेश द्यावे लागले. पवईपासून जवळच, मरोळला, २००९ पासून राष्ट्रीय सुरक्षा दलाचे केंद्र आहे. या शहराला दोन्ही हवे आहे : फलाटावरचा मारेकरी थांबविणारे बळ, आणि झोपडीवर चालून येणाऱ्या बळाला जाब विचारणारे न्यायालय. पहिले मागताना दुसरे विसरण्याची चैन उंच इमारतीत राहणाऱ्याला परवडेल. जयभीम नगरला परवडणार नाही.

तेव्हा आमचे उत्तर असे आहे. हातात शस्त्र घेऊन माणसे मारणाऱ्याला राष्ट्राने बळाने थांबवावे, गरज असेल तर लष्करी बळाने. ते त्याचे कर्तव्य आहे, आणि त्यात कसूर झाली तर सर्वांत आधी गरीब मरतो. पण शस्त्र खाली पडताच तेथे न्यायालय सुरू झाले पाहिजे. स्वतःच्या नागरिकांच्या प्रदेशात लष्कर हे पहिले साधन नव्हे. छत्तीसगडमध्ये आदिवासींच्याच हाती बंदुका देऊन त्यांना आदिवासींविरुद्ध उभे केले गेले, ते सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये घटनाबाह्य ठरविले. मणिपूरच्या प्रकरणात २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने अशांत प्रदेशातही सैन्याला बेबंद मुभा नसल्याचे सांगितले. ही दोन्ही निकालपत्रे आपल्या अभ्यासवर्गांत वाचली पाहिजेत.

आणि शेवटची कसोटी आपल्यासाठीच. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी त्याचा मसुदा वाचला? शाक्यांच्या सभेत सिद्धार्थ एकटा होता, कारण इतर सर्वांनी सेनापतीचे भाषण ऐकले, चौकशीची मागणी ऐकली नाही. घटनेने आपल्याला त्या सभेत जागा दिली आहे. तेथे बसून प्रत्येक वेळी आधी चौकशी मागणे, मारेकऱ्याला शिक्षा मागणे आणि त्याच्या वस्तीला संरक्षण मागणे, या तिन्ही मागण्या एकाच तोंडाने करणे, हे बुद्ध वाचलेल्या माणसाचे काम आहे.